बहिणीने घराचं माप घेतलं

ती माझी सख्खी धाकटी बहीण. सगळे तिला मास्टरताई म्हणतात, मी धाकटी म्हणतो. तिचं जे काही नाव झालंय त्यात निम्मा वाटा माझा आहे, असं मी चारचौघांत सांगतो. ती नाही म्हणत नाही. हो पण म्हणत नाही.

ती कपडे शिवते. माझं शिक्षण सातवी, तिचं नववी, म्हणजे आमच्या घरात मिळून सोळावी झालेली आहे. मी बिस्किटांच्या कारखान्यात खोकी बांधतो आणि मी बांधलेलं खोकं आजवर कुठे सुटलेलं नाही. पण हे माझं सोडा. पंधरा वर्षं झाली, घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन चालतं. शर्ट, पँट, ब्लाउज, शाळेचे गणवेश. एका माणसाने तर त्याच्या स्कूटरला अंगरखा शिवून घेतला, आरशांना बाह्या ठेवून. तिच्याकडून गेलेला कपडा बसत नाही म्हणून परत आलाय, असं एकदाही घडलं नाही. दाखवा कुणी.

तिच्या काही खोडी आहेत. तिची मापाची टेप पहिल्या दिवसापासून एकच. पिवळी होती, आता चहासारखी झालीय. ती टेप उंबऱ्याबाहेर जात नाही. कोणी आजारी असलं, चालता येत नसलं, तर त्याला खुर्चीत बसवून आणा म्हणते. दुसरं म्हणजे कतरण. शिंपी उरलेलं कापड ढापतो असा सगळ्या जगाला संशय, तेवढा हिला सहन होत नाही. बोटाएवढी चिंधी उरली तरी पुरचुंडी बांधून गिऱ्हाइकाच्या हातात देते. लोक बाहेर जाऊन ती गटारात टाकतात, पण देते.

आता आमचं घर. खाली पुढे तिचं दुकान, मागे मी, बायको आणि मुली. वर एक खोली, तिच्यात आई. वरच्या खोलीला मोरी आहे, फरशी आहे, पाणी जायला भोक आहे. नळ नाही. खोली बांधली तेव्हा नळ नंतर बसवू म्हटलं होतं. गच्चीवर टाकी आहे, टाकीचा पाईप घराच्या पाठीमागून सरळ खाली उतरतो, आईच्या खिडकीवरून रोज पाणी खळखळत जातं, पण थांबत नाही. त्यामुळे आई अठरा पायऱ्या उतरून खाली आंघोळीला यायची आणि अठरा चढून वर जायची. तिच्या गुडघ्यांनी या वर्षी हात टेकले. गुडघ्यांनी हात टेकले हे बरोबर नाही, पण तिचं तसंच झालं होतं. चढताना खरोखर हात टेकायची.

नळवाल्याला आम्ही किती वेळा सांगितलं ते विचारू नका. तो माणूस उद्याच्या पलीकडचा दिवस ओळखतच नाही.

मग मामाने उचल खाल्ली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, साठी उलटलेला, पण अजून आपली कंबर चौतीस आहे हे येईल त्या बोलण्यात घुसवणारा. त्याच्या घरी पलंगापासून चार पावलांवर नळ. त्याने जाहीर केलं की रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो आणि ताईला, म्हणजे आमच्या आईला, कायमची घेऊन जातो. आईला विचारलं तर म्हणाली, रुसून जात नाहीये, पाण्यासाठी जातेय.

धाकटी दोन दिवस नुसतं मशीन हाणत राहिली. पण आई वर बसून तिची काजं-बटणं करते, हेम घालते, आणि दुपारी दोघी दोरीला बांधलेल्या टोपलीतून कपडे वर-खाली करत भांडतात. पंधरा वर्षं ते भांडण चाललंय. शुक्रवारी तिने एका शर्टाची कॉलर उलटी शिवली. मी म्हटलं, आता हिचं काही खरं नाही. तिने शांतपणे ती कॉलर उसवली आणि मला म्हणाली, “दादा, पाईप म्हणजे काय असतो? बाहीच ना. हात जातो तिथून पाणी जातं.”

तिथेच मी ओळखलं की नळ बसणार.

शुक्रवारी संध्याकाळी तिने घराचं माप घेतलं. मी शिडीवर, आई खिडकीतून टेपचं टोक धरून, धाकटी खडू घेऊन. टेप खिडकीतूनच बाहेर सोडली, म्हणजे तिने उंबरा ओलांडला नाही. टेप साठ इंचांची, त्यामुळे दर साठ इंचाला खडूची रेघ आणि पुढे चालू. टाकीच्या पाईपला मध्येच फोडून तिथून फाटा काढायचा, मागच्या भिंतीवरून कोपऱ्यापर्यंत जायचं, कोपऱ्यावरून वळून बाजूच्या भिंतीने मोरीपर्यंत, तिथून खाली आणि भिंतीतून आत. जुन्या पाईपचा तर तिने घेर घेतला, छातीचा घेतात तसा. मापवहीत नवीन पान उघडून वर लिहिलं, घर. खाली लिहिलं, पाठ १०६, बाजू ८२, उतार ३९, घेर ४. पाईप फिटिंगच्या आत दोन्ही बाजूंनी पाऊण पाऊण इंच शिरतो, ते शिलाईला सोडायचं असतं तसं आधीच धरलेलं. हे मला ठाऊक नव्हतं, खरं सांगतो. नळवाल्यालाही ठाऊक असेल की नाही, शंका आहे.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही फिटिंगवाल्या शेठच्या दारात. शेठ तिचं जुनं गिऱ्हाईक. लग्नापासून कंबर छत्तीस, असं हा शेठ सांगतो. आमच्याकडच्या पुरुषांना कंबरेशिवाय दुसरी मिळकत नाही की काय कोण जाणे. तर शेठने मापवही बघितली आणि घेर ४ वर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला. पाईपचा घेर त्याला जन्मात कुणी सांगितला नव्हता. शेवटी त्याने एक तुकडा काढला, सुतळी गुंडाळून बघितली आणि म्हणाला, एक इंची आहे.

त्यानंतर दीड तास धाकटीने त्या दुकानात जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पाईप पांढरा घ्यायचा की पिवळसर, तर शेठ म्हणाला पिवळसर गरम पाण्याला, तुम्हाला पांढरा पुरे. तिने विचारलं, उन्हात विटतो का. शेठ म्हणाला, रंग लावला तर नाही. तिने विचारलं, पाण्यात आटतो का. शेठ माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, विचारलंय त्याचं उत्तर द्या. शेठने छातीवर हात ठेवून सांगितलं की हा पाईप पाण्यात आटत नाही.

कापायला त्याने हॅक्सॉ पुढे केला. तिने एक तुकडा कापून कडेवरून बोट फिरवलं आणि परत दिला. म्हणाली, दशा निघतात. मग कात्रीसारखा कटर आला. तो तिने चार वेळा उघडला, मिटला, अंगठ्यात बसतो का बघितला, एक घाव घातला. कड अशी आली की जणू इस्त्री केलीय. कटर घेतला. मग वळणावर बसवायचे एल्बो. एकेक उचलायचा, उजेडाकडे धरायचा, आतून शिवण बघायची, बाजूला ठेवायचा. विसातले दोन पास झाले. नळ जिथे बसतो तिथला एल्बो तिने साधा नाकारला, आत पितळेचे आटे असलेला मागितला. म्हणे काखेत कापड डबल लावतात, तिथे रोज ओढाताण असते. शेठ म्हणाला, हे मी लोकांना सांगून दमलो, कुणी ऐकत नाही. आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन पट्टी, जोड चिकटवायच्या सोल्युशनचा डबा, क्लॅम्प, एक व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हशेजारी उघडता येणारं एक युनियन. युनियनला ती बटण म्हणाली आणि शेठला ते पटलं.

मग तिने चार कपलर मागितले. कपलर म्हणजे दोन पाईप सरळ जोडायचा तुकडा. शेठ म्हणाला, बाई, तुमचा सगळ्यात लांब तुकडा नऊ फुटांच्या आतला, पाईप दहा फुटी, सरळ जोड कुठेच नाही. ती म्हणाली, बटणं लागतात त्यापेक्षा जास्त घ्यायची. शेठने दिले.

दहा फुटी पाईप स्कूटरवर न्यायचा नाही म्हणून तुकडे तिथेच केले. शेठने आपल्या पोलादी टेपने मोजून खुणा केल्या, धाकटीने कटर चालवला. उरलेले तुकडे शेठने पायाने कोपऱ्यात सरकवले. आणि ही थांबली. “ती कतरण माझी आहे,” म्हणाली. शेठला वाटलं चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. वीतभर, हातभर, बोटभर, सगळे तुकडे त्याला गोळा करून सुतळीने बांधून द्यावे लागले. मी स्कूटरवर मागे बसलो, हातात नऊ फुटी पाईप उभा धरून. एवढ्या अदबीने लोकांनी मला आजवर कधी वाट दिली नव्हती.

घरी आल्यावर तिने सोल्युशनचा डबा उघडला नाही. आधी कच्चा टाका घालून अंगावर लावून बघायचं, मग मशीन मारायची, ही तिची पद्धत. कोरडंच सगळं जोडून भिंतीवर धरलं.

आणि पाईप कमी पडला.

पाठ दोन इंचांनी कमी. बाजू दीड इंचाने. उतार पाऊण इंचाने. म्हणजे जेवढा लांब तुकडा तेवढा जास्त तोकडा. आई खिडकीतून म्हणाली, आटला. धाकटी म्हणाली, आटायला पाणी कुठे लागलंय अजून. मग मी माझं मत मांडलं. काल माप घेतलं तेव्हा संध्याकाळ होती, आता बारा वाजलेत, ऊन आहे, उन्हाने घर फुगलंय. यात हसण्यासारखं काही नाही, आमच्या कारखान्यात दरवाजे फुगतात. बायको म्हणाली, मग संध्याकाळी घर आकसेपर्यंत थांबू या. आई म्हणाली, सकाळी परत फुगेल.

धाकटीने आमच्यापैकी कुणाकडेही लक्ष दिलं नाही. तिने पाईपच आत दुकानात नेऊन आपल्या टेपने मोजला. वहीत १०६, पाईप भरला १०४. दुसरा वहीत ८२, भरला साडेऐंशीच्या आत. तिचं तोंड उतरलं. शेठने कमी कापून दिलं. ज्या माणसाच्या पँटी तिने इतकी वर्षं शिवल्या, त्याची चिंधीसुद्धा कधी ठेवली नाही, त्याने दोन इंच खाल्ले. आणि त्या दोन इंचांपायी उद्या आई जाणार. वर आईने पिशवी भरायला घेतली होती. चष्मा, अंगुस्तान, दोन लुगडी. ती पिशवी तिने जिन्याच्या खालच्या पायरीवर आणून ठेवली, म्हणजे सकाळी खोळंबा नको.

धाकटीने पिशवी बघितली. मग टेप घडी करून कापडात गुंडाळली आणि उंबरा ओलांडला. टेपने पंधरा वर्षांत पहिल्यांदा. मी पाईप घेऊन मागोमाग.

शेठशी ती भांडली नाही. पाईप काउंटरवर ठेवला, वही उघडली आणि म्हणाली, मोजा. शेठने पोलादी टेप लावली, १०६. तिने आपली लावली, १०४. पाईप तोच. शेठने परत लावली, १०६. तिने परत लावली. चार गिऱ्हाइकं जमली. मी म्हटलं, पोलाद उन्हाने फुगतं. शेठ म्हणाला, दादा, तुम्ही जरा बाजूला उभे राहा.

मग त्याने दोन्ही टेपा शेजारी-शेजारी पसरल्या. टोकाला टोक लावलं. धाकटीच्या टेपचे साठ इंच पोलादी टेपच्या एकसष्टच्याही किंचित पुढे जाऊन संपले.

कापडाची टेप. पंधरा वर्षं रोज ताणलेली. ताणून ताणून लांब झालेली.

ती तिथल्या पाईपांच्या ढिगावर बसली. टेप गुंडाळत म्हणाली, “म्हणजे पंधरा वर्षं मी लोकांना खोटं माप सांगत आले.”

शेठ बोलला. म्हणाला, कपडे तर बसतात ना. आणि खरंच बसतात. अंग त्याच टेपने मोजायचं, कापड त्याच टेपने मोजायचं, मग टेप लांब असो की आखूड, कपड्याला काय कळतंय. चूक चुकीला बरोबर सापडते. भानगड झाली ती आकडा घराबाहेर गेला आणि परक्या टेपच्या हातात पडला तेव्हा.

शेठ हे सगळं फार समजूतदारपणे सांगत होता. सांगता सांगता त्याचं बोलणं मध्येच थांबलं. त्याने खाली स्वतःकडे बघितलं. मग पोलादी टेप उचलली, गिऱ्हाइकांकडे पाठ केली, कंबरेभोवती फिरवली, श्वास ओढून घेतला. आकडा बघितला. श्वास सोडायच्या आत टेप खटकन आत गेली.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “माझी पुढची पँट शिवाल तेव्हा ही जुनीच टेप वापरा.”

त्यावर धाकटी उठली. काय झालं तिचं तिलाच माहीत, पण चेहऱ्यावर रंग आला. शेठने आपली पोलादी टेप तिला भेट म्हणून पुढे केली. तिने ती घेतली नाही. म्हणाली, माझ्या घरात हीच चालते.

घरी येऊन तिने कतरणीची पुरचुंडी सोडली. कापड कमी पडलं तर शिंपी काय करतो? जोड देतो. प्रत्येक पाईप टोकाला थोडा मागे कापायचा, मग त्याला कतरणीतला एक तुकडा आणि एक कपलर. किती कमी पडतंय ते तिने जुन्याच टेपने मोजलं, आणि कतरणही जुन्याच टेपने मोजून कापली. कोरडंच लावून बघितलं. बसलं. कागद सरकवायला जागा नाही. जे चार कपलर कुठेच लागणार नव्हते त्यातले तीन लागले. चौथा तिने बटणांच्या डब्यात टाकला, अजून तिथेच आहे.

मग सोल्युशन. पाईपची कड पुसायची, सोल्युशन बाहेरून पाईपला आणि आतून फिटिंगला, आत सारून थोडं पिळायचं आणि तीस आकडे होईपर्यंत हलू द्यायचं नाही. आकडे आई मोजत होती, खिडकीतून. दर वेळी एकोणतीसवर थांबून विचारायची, नीट धरलंय ना. जुन्या पाईपला कापून फाटा बसवला तेव्हा मी गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून त्याच्यावर बसून राहिलो, चुकून कुणी उघडू नये म्हणून. गच्चीवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं, पण जबाबदारी म्हणजे जबाबदारी. अंधार पडायच्या आत शेवटचा क्लॅम्प बसला. शेठने बजावलं होतं की सोल्युशन रात्रभर वाळू द्या, पाणी सकाळीच सोडा.

आईने भिंतीवरून बाहीसारखा गेलेला पाईप पाहिला, छान झालाय म्हणाली. पिशवी मात्र पायरीवरून उचलली नाही. नळ बसला म्हणजे पाणी आलं असं नाही, एवढं तिलाही कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मामाची गाडी दाराशी उभी. तो थेट पिशवीपाशी गेला. मी गच्चीवर, धाकटी वरच्या मोरीत नळ उघडून त्याला कान लावून, आई तिच्या मागे टॉवेल घेऊन. खालून मामा घाई करत होता. धाकटीने हाक मारली, “दादा, सोड.” मी सोडलं.

नळ आधी म्हाताऱ्यासारखा खोकला. मग हवा, मग पांढऱ्या पाईपचा भुगा, मग काहीच नाही. आणि मग पाणी आलं. धाकटीने जोडन् जोड कोरड्या बोटाने चाचपला. बोट कोरडं राहिलं. आईने तिला हाताला धरून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

मामा पिशवी मांडीवर घेऊन दुकानात बसला. अर्धा तास गेला. वरून फक्त पाण्याचा आवाज. त्याने जिन्यातून हाक मारली. वरून आई म्हणाली, “तू जा रे. मला वेळ लागेल.”

मामा पिशवी घेऊन उठला. मग आलोच आहे तर एका पँटचं माप घे म्हणाला, चौतीसच आहे, नुसतं बघ. धाकटीने खिळ्यावरची तीच जुनी टेप काढली. तिने टेप मामाच्या कंबरेभोवती फिरवली, आकडा बघितला, वहीत लिहिला आणि मोठ्याने म्हणाली, “चौतीस.”

मामा ताठ झाला. पिशवी खाली ठेवून, शर्ट खोचून, एकटाच गाडीत जाऊन बसला. धाकटीने पिशवी उचलली आणि अठरा पायऱ्या चढून वर नेली. आईची आंघोळ अजून चालूच होती.